मामांच्या पेशींचं सुतक

आमचे चांदवडचे खंडेरावमामा कांदा पिकवण्यात पटाईत, पण ट्रॅक्टर मागे घेण्यात जन्मभर नापास. मागे ट्रॉली जोडली की ती कुठल्यातरी भिंतीला ठोकणार हे ठरलेलं. "डोकं हाय का तुम्हाला?" असं मालनमामी दरवेळी विचारायची आणि मामांना ते फार लागायचं.

त्यांची मुलगी पल्लवी नाशिकला एका प्रयोगशाळेत आहे. माणसाच्या रक्तापासून मेंदूच्या पेशी वाढवायच्या, त्या जिवंत पेशींना तारांनी एक छोटी चाकांची गाडी जोडायची आणि ती त्यांच्या इशाऱ्यावर चालते का ते पाहायचं, असं तिथलं काम. कुणाचं तरी रक्त हवं होतं. तिचं सांगून व्हायच्या आत मामांनी बाही वर केली. आपलं डोकं मामीला काचेच्या बशीत घालून दाखवायची संधी पुन्हा कुठं मिळणार?

गाडी पहिल्यांदा चालली त्या दिवशी मामा मामीला घेऊन आले. मी नाशिकचाच, म्हणून मीही गेलो. गाडी सरळ गेली, भिंतीला धडकली, मागे आली आणि पुन्हा त्याच भिंतीला धडकली.

मामी तोंडाला पदर लावून म्हणाली, "यांचंच हाय."

धडक बसली की पेशींना ते कळतं, त्या हळूहळू शिकतील, असं पल्लवीने समजावलं. मामांना कुठला धीर. ते एसटीने पुन्हा पुन्हा यायचे आणि बशीवर वाकून सांगायचे, "आरं, डावीकडं घे, डावीकडं." शेवटी एकदा गाडी भिंतीपाशी थबकली आणि वळली. मामांनी गल्लीभर पेढे वाटले. मामीनेही एक खाल्ला.

पुढे मी चांदवडला गेलो असताना पल्लवीचा फोन आला. बशीत जंतू शिरले होते, पेशी मेल्या होत्या. मामांनी टोपी काढून ठेवली. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते दाबलं.

"आज देवापुढं दिवा लावू नको," ते मामीला म्हणाले. "घरात सुतक हाय." आणि ते किती दिवस पाळायचं हे विचारायला त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"मयत कोण?" गुरुजींनी विचारलं.

"मीच," मामा म्हणाले. "म्हंजे, थोडासा."

मामीने फोन हिसकावून बंद केला. "कपाळाला कुंकू हाय माझ्या," ती म्हणाली. "तुमचं सुतक मी पाळू?" तिचा आवाज कापत होता. मामीला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने भर दुपारी दिवा लावला, मामांना समोर बसवून जेवू घातलं आणि शेवटचा घास गिळेपर्यंत त्यांच्यावरची नजर हटवली नाही.

जेवून मामा गुमान उठले आणि कांद्याची ट्रॉली मागे घ्यायला गेले. थोड्या वेळाने बाहेर धाडकन आवाज झाला. फाटकाचा खांब होता.

आत मामी भांडी घासत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"हायेत," ती स्वतःशीच म्हणाली. "अख्खे हायेत."