शनिवारचा किनारा

आखातातल्या माग्दालेन बेटांवर आडनावे थोडी आणि माणसे पुष्कळ. त्यामुळे माणसाला बापाचे नाही तर नवऱ्याचे, आणि त्याच्याही मागे आज्याचे नाव जोडल्याशिवाय त्याची नीट ओळख पटत नाही. जेम्मा तुर्बीद म्हणूनच साऱ्या बेटांना ‘नेक्तेरच्या आविलाची जेम्मा’ म्हणून ठाऊक होती. सत्तावीस वर्षे ती आपल्या गाडीतून टपाल वाटत होती. बेटांना जोडणारा रस्ता बराचसा वाळूच्या अरुंद पट्ट्यांवरून जातो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला उथळ खाजण. रोज जाता-येता दोन्ही पाणी नजरेखालून गेल्यामुळे कोणत्या वाऱ्यात कोणता किनारा कसा वागतो, हे तिला मुद्दाम शिकावे लागले नव्हते.

शिडाच्या फळीशी, म्हणजे उभे राहून, हातांनी शीड धरून पाण्यावर चालवायच्या फळीशी, तिची गाठ मात्र योगायोगाने पडली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, बर्फ वितळत असताना, तिला वाळूत एक फळी वाहून आलेली सापडली. ज्याची वस्तू त्याला पोचवणे हा तिचा पेशाच होता. तिने टपाल कचेरीत, मासळीच्या सोसायटीत आणि चर्चच्या दारावर चिठ्ठ्या लावल्या. वर्षभरात कोणी आले नाही. मग आविलाच्या जुन्या होडीचे शीड कापून तिने त्या फळीसाठी एक शीड शिवले, आणि एका रविवारी, कोणी पाहत नाही अशी खात्री करून, ती खाजणात उतरली. त्या दिवशी ती चाळीस वेळा पडली. कोणी पाहत नाही हा तिचा समज चुकीचा होता, कारण सोमवारी दारोदार टपालाच्या बदल्यात तिला ‘चाळीस’ हा आकडा ऐकावा लागला.

आविला स्वतः शेवंडी पकडणारा. चाळीस वर्षे समुद्रावर काढूनही त्याला पोहता येत नव्हते, आणि त्या बेटांवरच्या मच्छीमारांत त्याचे कोणाला नवल नव्हते. बायकोच्या छंदाबद्दल त्याचे मत ठरलेले होते. तो म्हणे, “समुद्रात जायचं, तासभर भिजायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. मी असं केलं असतं तर माझ्या बापानं मला घरात घेतलं नसतं.”

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी फळीवाल्यांचा मेळा भरतो. किनारा कोणता, हे आदल्या संध्याकाळी सहापर्यंत सांगावे लागते. कारण टेबले, तंबू, लोखंडी भट्टी आणि शेवंड, मासळी, बटाटा भरून वर कणकेचा थर देऊन भाजलेल्या ‘पोतांपो’ या पक्वान्नाची मोठाली भांडी तिथे न्यायची असतात. पूर्वी हे काम लेओपोल नावाचे एक गृहस्थ करीत. ते मुलीकडे मुख्य भूमीवर राहायला गेले. गेल्या वर्षी किनारा सिल्व्हिओने निवडला होता. सिल्व्हिओचे फळ्या भाड्याने देण्याचे दुकान आहे, आणि त्याच्या फोनमध्ये हवामानाचे चार वेगवेगळे अंदाज असतात. त्या शनिवारी साठ माणसे निपचित पाण्याकडे पाहत जेवली. ते ‘सिल्व्हिओचे वर्ष’ ठरले. तिथे चांगली वर्षे लोक विसरतात. फसलेल्या वर्षाला मात्र फसवणाऱ्याचे नाव चिकटते, आणि ते नातवंडांनाही पुरते.

यंदा हात वर करून जेम्माची निवड झाली. तिला फार आनंद झाला. आजवर दुसऱ्यांनी लिहिलेले तिने दुसऱ्यांच्या हाती दिले होते. तिचा स्वतःचा शब्द कोणी मागण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच क्षणी तिला ‘सिल्व्हिओचे वर्ष’ही आठवले.

त्या आठवड्यात बुधवारी रात्रीपासून वायव्येचा जोराचा वारा सुटला होता. शुक्रवारी सकाळी उत्तर किनाऱ्यालगतच्या घरांत टपाल टाकताना पत्रपेट्यांची झाकणे मिठाने चिकटलेली आढळली. एक झाकण तर दोन्ही हातांनी ओढावे लागले. दुपारनंतर वारा पडला. शनिवारी दहाच्या सुमारास नैर्ऋत्येचा वारा येणार, यावर सिल्व्हिओचे चारही अंदाज आणि आविलाचा गुडघा यांचे एकमत होते.

प्रश्न किनाऱ्याचा होता. पश्चिमेच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून तिरका येतो. तिथे वाऱ्याची खात्री असते. पण लाटा त्याच वाऱ्याने उठवलेल्या, तोकड्या, अस्ताव्यस्त, आत शिरू पाहणाऱ्याला वाळूवर परत आणून टाकणाऱ्या. दहाबारा धट्टेकट्टे लोक पलीकडे जातात आणि बाकीचे काठावर बसून त्यांना नावे ठेवतात. उत्तरेच्या किनाऱ्यावर हाच वारा काठाला धरून वाहतो. तिथे वायव्येची जुनी लाट शिल्लक असेल, तर लाट कालची आणि वारा आजचा असा मेळ बसतो. वारा लाटेला चुरगाळत नाही. तिचे अंग गुळगुळीत राहते, आणि साठीचा माणूसही तिच्यावरून सुखाने घसरत येतो. असा योग वर्षाकाठी तीनचारदा येतो. पण ते आखात आहे, महासागर नव्हे. एका दिवसाच्या वाऱ्याची लाट तिथे दुसऱ्या सकाळी विरते. दीडदोन दिवस सलग वाहिलेल्या वाऱ्याची मात्र दुसऱ्या दुपारपर्यंत टिकते, असा जेम्माचा अनुभव होता. टिकली नाही, तर उत्तरेला सपाट पाण्याशिवाय काही मिळणार नव्हते.

सहाला पाच मिनिटे असताना सिल्व्हिओचा फोन आला.

“काय मग, आविलाची जेम्मा? टेबलं कुठं उतरवू?”

‘उत्तर’ हा शब्द तिच्या ओठांवर होता. तेवढ्यात तिला सपाट पाण्यासमोर बसलेली साठ माणसे दिसली, त्यांच्या हातातल्या बश्या दिसल्या.

“पश्चिम,” ती म्हणाली.

“शहाणी आहेस. निदान वारा तर मिळेल.”

आविला टेबलाशी बसून हे ऐकत होता. “पश्चिम म्हणालीस?”

“हो.”

“मग फोन ठेवून झाला तरी तो पुसत का बसलीयस?”

“तू गप्प राहा. तुला पोहता येत नाही.”

“म्हणून तर काठावरून मला सगळं नीट दिसतं.”

पहाटे पाचला तिला जाग आली. पाव आणायला जाते, असे तिने सांगितले. “बेकरी सातला उघडते,” आविला उशीतूनच म्हणाला. पण त्याने तिला अडवले नाही.

उत्तरेच्या किनाऱ्यावर तिने गाडी रस्त्याकडेला लावली आणि वाळूच्या टेकडीवर चढून ती उभी राहिली. उजाडत होते, वारा नव्हता. छातीएवढ्या उंच, लांबच लांब ओळी एकामागून एक येत होत्या, कोणतीही घाई नसल्यासारख्या. दोन ओळींमधले अंतर तिने मनात मोजले. सात सेकंद. पुन्हा सात. अर्ध्या तासाने मोजले तरी सातच. लाट होती, आणि ती असणार हे काल संध्याकाळी तिला माहीत होते, हेच तिला बोचले. अंदाज चुकला असता तर तिने स्वतःला समजून घेतले असते. पण हे म्हणजे पाकिटावरचा पत्ता स्पष्ट वाचता येत असताना, दारात कुत्रा आहे म्हणून पत्र शेजारच्या घरी टाकण्यासारखे झाले होते. सत्तावीस वर्षांत तिने असे एकदाही केले नव्हते.

एकदा सांगितलेला किनारा आजवर कोणी बदललेला नव्हता. बदलायचा, तर साऱ्या बेटांसमोर आपणच स्वतःला उघडे पाडायचे. आणि दहापर्यंत लाट विरली, तर एकाच दिवसात दोनदा चुकल्याची नोंद आपल्या नावावर व्हायची. ती गाडीत येऊन बसली. पावणेसात झाले होते. तिने सिल्व्हिओला फोन लावला.

“सिल्व्हिओ, उत्तरेला लाट आहे.”

“असेल. टेबलं पश्चिमेला आहेत.”

“टेबलं राहू देत. माणसं इकडे आण.”

“अगं, नाव सांगितलं की बदलत नसतात. माझ्या वेळी मी बदललं का?”

“नाही बदललंस. म्हणून तर ते वर्ष तुझं झालं.”

पलीकडे तो हसला की खोकला, ते तिला कळले नाही.

“आणि विरली तर?”

“तर लोक मला नावं ठेवतील. तुला यंदा सुट्टी.”

“लोकांना सांगू काय? वारा फिरला म्हणून?”

“वारा कुठं फिरलाय? काय सांगायचं ते मी सांगते.”

बेटांच्या रेडिओवर सकाळी पावणेआठला सूचनांची वेळ असते. हरवलेल्या एका तपकिरी कुत्र्यानंतर निवेदिका लीझने जेम्माला फोनवर घेतले.

“मी आविलाची जेम्मा. काल मी पश्चिमेचा किनारा सांगितला. तो घाबरून सांगितला, वाऱ्याचा त्यात दोष नाही. उत्तरेला वायव्येची लाट अजून आहे. एक वाजेपर्यंत राहील असं मला वाटतं. वारा दहाच्या आसपास येईल. ज्यांना पाण्यात उतरायचंय त्यांनी उत्तरेला यावं. ज्यांना नुसतं जेवायचंय त्यांनी पश्चिमेला जावं, जेवण तिथंच आहे.”

“आणि जेम्मामावशी, ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी?” लीझने विचारले.

“त्यांनी आधी इकडे यावं. भूक चांगली लागेल.”

ती घरी परतली तेव्हा आविला भट्टीसाठी लाकडे गाडीत भरत होता. त्याच्या गाडीतला रेडिओ अजून सुरूच होता. तो तिच्याकडे पाहून म्हणाला, “पाव विसरलीस.” मग लाकडाची मोळी खाली ठेवून त्याने तिची फळी स्वतः उचलली आणि तिच्या गाडीवर बांधून दिली. इतक्या वर्षांत त्या फळीला त्याने प्रथमच हात लावला होता.

दहाला उत्तरेच्या वाळूवर चाळीसेक माणसे जमली. शिडे लागली. लाटा येत होत्या. वारा नव्हता.

सव्वादहा झाले. साडेदहा झाले. एके काळी जेम्माला शाळेत शिकवणाऱ्या रेजान बाई, वय सत्तर, रबरी पोशाख कमरेपर्यंत चढवून बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, “काय गं जेम्मा, आजचं टपाल उशिरा निघालंय वाटतं?”

“टपालवाले संपावर असतील,” कोणीतरी म्हणाले.

“चुकून पश्चिमेच्या पत्त्यावर गेलं असेल!”

सगळे हसले. जेम्माही हसली, पण तिचे बोलण्यात लक्ष नव्हते. ती ओळींमधले अंतर मोजत होती, आणि ओळी किंचित बुटक्या झाल्या होत्या. सिल्व्हिओ तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. फोन त्याच्या खिशातच होता.

“काढत नाहीस तो?” तिने विचारले.

“काढून काय करू? आज त्याला विचारलेलं नाही कोणी.”

अकराला दहा मिनिटे असताना टेकडीवरचे गवत एकदा वाकले, उभे राहिले, आणि पुन्हा वाकले ते वाकलेलेच राहिले. पाण्यावर काळसर चट्टे धावत आले. फळ्या उचलण्याची एकच गडबड उडाली. जेम्मा घाईने आत शिरली नाही. तिने एक ओळ फुटू दिली, दुसरी फुटू दिली, आणि तिसरीच्या आधीच्या शांत पाण्यात फळीवर पाय ठेवला. शीड भरले. बाहेर जाताना प्रत्येक लाट तिला अलगद वर उचलून पलीकडे ठेवत होती. बरेच आत जाऊन ती वळली, एका लाटेच्या पाठीवर आली, आणि मग शिडातला भार हलका झाला, कारण आता लाटच तिला नेत होती. लाटेचे अंग गुळगुळीत होते. आपण ओरडतो आहोत, हे तिला काठाजवळ आल्यावर कळले.

रेजान बाई सात वेळा पडल्या आणि आठव्या वेळी थेट वाळूपर्यंत घसरत आल्या. “सात!” त्या जेम्माकडे पाहून ओरडल्या. “तुझ्याहून तेहतीसनं कमी!”

पाऊण वाजण्याच्या सुमारास जेम्माला आपल्या गालावरचा वारा सरकल्यासारखा वाटला. तो दक्षिणेकडे कलत होता. म्हणजे आता तो जमिनीवरून समुद्राकडे वाहणार, काठाजवळ तुटक येणार आणि दमलेल्या माणसाला आखातात घेऊन जाणार. काठावरून हे कळत नाही. उलट पाणी अधिकच देखणे दिसू लागते. ती बाहेर आली, फळी वाळूवर टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून उभी राहिली. बाहेर या, असा त्याचा अर्थ.

“अगं, आत्ता तर खरी मजा आलीय!” सिल्व्हिओ पाण्यातून ओरडला. “एकच फेरी!”

“त्या फेरीतून परतायला वारा पुरणार नाही. बाहेर.”

“जेम्मा, लाट बघ तरी!”

“बघितली. बाहेर ये, सिल्व्हिओ.”

तिचा आवाज चढला नव्हता. तो कुरकुरत बाहेर आला. त्याच्यामागे बाकीचेही आले. शेवटचे शीड वाळूवर आडवे होईपर्यंत ती माणसे मोजत राहिली. वाळूवरून उडालेली कोणाची तरी टोपी पाण्यावर पडली आणि बघता बघता दूर गेली. सिल्व्हिओने ती नजरेआड होईपर्यंत पाहिली. मग तो जेम्माच्या शिडाचा दोर सोडू लागला.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर आविला भट्टीजवळ उभा होता. नुसतेच जेवायला आलेली वीसेक माणसे त्याने दोन तास गोष्टी सांगून थोपवली होती. एकाही भांड्यावरचे झाकण त्याने काढू दिले नव्हते. गाड्या थांबल्या तशी त्याने सुरी हातात घेतली.

“हात दाखव,” तो जेम्माला म्हणाला.

“का?”

“रिकामेच आलेत का, ते बघतो.”

तिने हात पुढे केले. त्याने त्यांत बशी ठेवली, आणि बशीत पोतांपोचा सर्वांत आधी कापलेला, खरपूस कडेचा तुकडा. ती उभ्यानेच खाऊ लागली. बोटांवरचे मीठ त्यात मिसळत होते. समोर पश्चिमेचे पाणी होते, वाऱ्याने पिंजून काढलेले, पांढरे. पूर्वी किनारा निवडणारे लेओपोल असते तर म्हणाले असते की इथेही थोडे जमेल. पण कोणी तिकडे फिरकले नाही; साऱ्यांच्या बश्या भरलेल्या होत्या, आणि रेजान बाई दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या.