श्रीपादचं लग्न लावणारा

चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा आणि मग म्हणायचं, "ते मी वाचकांवर सोडलंय."

अडचणीचा प्रश्न आला की आमच्या लेखकमहाशयांचं हे ठरलेलं. खून झाला तेव्हा धो धो पाऊस होता, मग गच्चीवर गाद्या कशा वाळत होत्या? वाचकांवर सोडलंय. कथानायक जयराज एवढा मोठा वकील, मग कोर्टात कधी जातो? तेही वाचकांवर. एकदा मी विचारलं, "साहेब, मागच्या पुस्तकात जीप हिरवी होती, या वेळी पांढरी लिहिलीय. मुखपृष्ठावर कुठली काढू?" त्यावरही चष्मा निघाला. आता जीप मी रंगवायची की वाचकांनी?

मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. उरलेल्या वेळात पुस्तकांची मुखपृष्ठं काढायचो, आणि या माणसाच्या रहस्यकथांची जवळजवळ सगळी मीच काढली. तो मला 'पेंटर' म्हणायचा, मी त्याला 'साहेब'. इथे मात्र एकेरीत लिहितो आहे. मला हा माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी 'जरा जास्तच बोललात' म्हणायला नको.

लिहायचा मात्र छान. कसारा घाटातला त्याचा पाठलाग वाचताना माझ्या हातातला चहा गार झालेला आहे. पण लिहिणं वेगळं आणि छाती वेगळी. कामाचं बोलायला आम्ही मिसळीच्या दुकानात भेटायचो. हा ऐटीत सांगायचा, "तर्री वेगळी आणा, झणझणीत!" तर्रीची वाटी यायची, समोर लालभडक दिसत राहायची आणि न शिवता परत जायची. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटायचं, काय तिखट खाणारा गडी आहे.

त्याच्या पुस्तकांत जोडी होती. वकील जयराज आणि त्याचा मित्र श्रीपाद. जयराज डोकं चालवायचा, बाकी सगळं श्रीपाद करायचा. जीप हाकायची, चहा ठेवायचा, जयराजचा काळा कोट इस्त्री करून खुंटीला लावायचा, आणि शेवटच्या प्रकरणात जयराजवर येणारा सुरा स्वतःच्या दंडावर घ्यायचा. श्रीपादचं लग्न झालेलं नव्हतं आणि कुठल्याच पुस्तकात त्याची नजर कुठल्याच बाईकडे जात नव्हती. तुमच्या-माझ्यासारखे वाचक ते पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

वाचकांचा जीव जयराजपेक्षा श्रीपादवर. एका पुस्तक प्रदर्शनात त्र्यंबकेश्वरचे एक पेढेवाले पुड्यासकट येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या भावाची पोरगी डी.एड. हाय. श्रीपादला लय शोभंल. तुमी मनावर घ्या." आजूबाजूचे हसले. पेढेवाले अर्धेच हसत होते. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि प्रश्न वाचकांवर सोडला.

एका पुस्तकात श्रीपादला खोल जखम होते आणि जयराज त्याला उचलून जीपमध्ये ठेवतो. मी मुखपृष्ठावर तेच काढलं. श्रीपादची मान जयराजच्या खांद्यावर, हात त्याच्या छातीवर. चित्र बघून हा दचकलाच.

"पेंटर, हा हात काढून टाका."

"का? तुम्हीच लिहिलंय तसं."

"लिहिलेलं वेगळं, दिसणारं वेगळं. लोक भलतंच समजतील."

"समजले तर?"

"तर लायब्रऱ्या पुस्तक घेणार नाहीत," तो म्हणाला, आणि या वेळी चष्मासुद्धा पुसला नाही.

मी हात काढून टाकला आणि तिथे जीपचं स्टेअरिंग रंगवलं. हिरव्या जीपचं.

मग मालिका संपवायची ठरली. प्रकाशकाने सुचवलं, शेवटच्या पुस्तकात श्रीपादचं लग्न लावून टाका, वाचक डोक्यावर घेतील. याने लावलं. मुलगी मनमाडची, शाळेत शिक्षिका. शेवटच्या पानावर श्रीपाद सुखात, जयराज सुखात, ती तर 'समाधानाने हसली'. मुखपृष्ठावर अंतरपाट हवा होता. अंतरपाटाच्या या बाजूला मुंडावळ्या बांधलेला श्रीपाद. पलीकडच्या मुलीचा चेहरा कसा काढू, असं विचारल्यावर चष्मा निघाला. म्हणून मी अंतरपाटावरून नुसते तिचे हात काढले, हिरव्या चुड्याचे, हार धरलेले.

प्रकाशन समारंभ म्हणजे लग्नच होतं. दारात अक्षता वाटल्या. याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली. 'शुभमंगल सावधान'ला लोकांनी पुस्तकावर अक्षता टाकल्या आणि प्रकाशकाने फीत सोडली. त्र्यंबकचे पेढेवाले पुढच्या रांगेत होते. पुतणीचं जमलं नाही तरी त्यांनी मनापासून अक्षता टाकल्या. हा माणूस मुलीच्या बापासारखा डोळे टिपत होता. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

पुढे बरीच वर्षं गेली. लोक याला विसरायला लागले. सत्काराचे नारळ येईनासे झाले. मग दोन तरुण मुलांनी मोबाइलवर त्याची मुलाखत घेतली आणि त्यात याने जाहीर केलं, "श्रीपाद समलिंगी होता. त्याचं जयराजवर प्रेम होतं. मला पहिल्या पुस्तकापासून माहीत होतं."

झालं. मुलाखतीचा तुकडा घरोघरी फिरला. जो उठतो तो म्हणतो, केवढं धाडस! कसलं धाडस? मालिका संपलेली, पुस्तकं विकून झालेली, लायब्रऱ्यांचं भय उरलेलं नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि वर घोड्यालाच हार.

आमच्या स्टाफरूममध्येही तो तुकडा वाजला. तेव्हा कोपऱ्यात कल्पना देवरे वह्या तपासत होत्या. देवरे मॅडम आमच्याकडे गणित शिकवतात. मूळच्या नामपूरच्या. लग्न होऊन मनमाडला होत्या, घटस्फोट झाला आणि नाशिकला आल्या, नाव परत माहेरचं लावलं. एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि त्यांना कुणी खोदून विचारत नसे, कारण त्या चुकीच्या गणिताकडे बघतात तशाच माणसाकडेही बघू शकतात. मोबाइल वाजत असताना त्यांचं लाल पेन थांबलं. नंतर त्यांनी मला विचारलं, "सर, यांचा सत्कार आहे म्हणे रविवारी. मी येऊ का तुमच्याबरोबर?"

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत काही तरुण मुलं-मुली होती, एकाच्या पिशवीला समलिंगींच्या झेंड्याची सप्तरंगी फीत बांधलेली. लेखक बोलत होता तेव्हा ती मुलं डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. त्यांच्यावर मी रागावणार नाही. त्यांच्यासाठी इतक्या वर्षांत कुणी काही वाढलं नव्हतं, शिळं मिळालं तेही त्यांनी आनंदाने घेतलं. राग आला तो वाढणाऱ्याचा. "समाज तयार नव्हता," तो सांगत होता, "पण मी माझ्या श्रीपादशी प्रामाणिक राहिलो." मला जीपचं ते स्टेअरिंग आठवलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि देवरे मॅडम उठल्या. माइक त्यांच्यापर्यंत आलाच नाही, पण वर्गाची सवय असलेला आवाज त्यांना पुरेसा होता.

"श्रीपादच्या बायकोचं काय झालं?"

काही जण हसले. लेखकाने चष्मा काढला, पुसला, लावला. "ते मी वाचकांवर सोडलंय."

"नका सोडू. आज सगळं सांगताय, तर हेही सांगा. तिला कधी कळलं?"

"तिला..." तो चाचरला. "तिला कळलंच नसेल. श्रीपाद समजूतदार माणूस. त्याने तिला काही कमी पडू दिलं नसेल."

"कळतं, सर. पहिल्याच वर्षी कळतं. पण आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं, म्हणून विचारता येत नाही."

आता कुणी हसत नव्हतं. मॅडमचा आवाज चढलेला नव्हता. त्या फळ्यावर एकेक पायरी मांडावी तसं बोलत होत्या.

"माझे मिस्टर मनमाडला रेल्वेत होते. तुमची सगळी पुस्तकं होती त्यांच्याकडे, कव्हर घालून ठेवलेली. लग्नाला ते बरीच वर्षं नाही म्हणत होते. घरचे रडले, तरी नाही. मग तुमचं शेवटचं पुस्तक आलं आणि ते हो म्हणाले. हे त्यांनी मला आम्ही वेगळे होताना सांगितलं. म्हणाले, मी आयुष्यभर श्रीपादमध्ये स्वतःला बघत आलो. तोसुद्धा बोहल्यावर उभा राहिला, सुखी झाला, मला वाटलं, मलाही जमेल." त्यांनी लेखकाकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला तर पहिल्या पुस्तकापासून माहीत होतं ना, सर?"

लेखकाचा हात चष्म्याकडे गेला. काढला, पुसला, आणि पुसतच राहिला. सप्तरंगी फीतवाला मुलगा मागे वळून मॅडमकडे बघत होता. शेवटी सूत्रसंचालकाला सुचलं, वेळेअभावी इथेच थांबू, बाहेर चहा-चिवड्याची सोय आहे.

बाहेर याने माझा दंड धरला. खांद्यावर शाल, काखेत नारळ. मला वाटलं, आता तरी काहीतरी माणसासारखं बोलेल.

"पेंटर, कोण हो त्या बाई? तुमच्या ओळखीच्या? काय जबरदस्त विषय आहे! तिच्या बाजूने अख्खं पुस्तक होईल. नंबर द्या की त्यांचा."

त्या क्षणी मला त्याची इतकी किळस आली की त्याचा हात झटकायचंही सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो, "त्या तिथे उभ्या आहेत. विचारा."

मॅडम पायऱ्यांखाली स्कूटी काढत होत्या. हा दोन-तीन पायऱ्या उतरला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा थबकला, नारळ या काखेतून त्या काखेत घेतला आणि वर परत आला. "जाऊ द्या," म्हणाला, "घाईत दिसतात."

मी स्कूटीपाशी गेलो. मॅडमच म्हणाल्या, "मिस्टरांना सांगेन आज, विचारून आले म्हणून. पुण्याला असतात ते, ज्याच्याबरोबर राहायचं होतं त्याच्याबरोबर. माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन येतो. माणूस वाईट नाही हो, सर. आम्ही दोघंही उगाच भरडलो गेलो." मग त्यांनी घाईघाईने हेल्मेट घातलं. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

त्यानंतर त्याचा मला फोन आला नाही. मुलाकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. शेवटच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेलं. त्यावर गोदाघाटावर खांद्याला खांदा लावून बसलेले जयराज आणि श्रीपाद. आता लायब्रऱ्यांची हरकत नसावी. अंतरपाट गेला आणि हिरव्या चुड्याचे ते हातही गेले.

एक प्रत मी शाळेत नेली. मॅडमनी मधल्या सुट्टीत लग्नाचं प्रकरण काढलं. एक अक्षर बदललेलं नव्हतं. ती अजूनही समाधानाने हसतच होती. मॅडमनी प्रकरण वाचलं, मग पानं मागे उलटली, मग पुन्हा पुढे.

"सर, हिचं नाव काय हो?"

तिचे हात मी काढले होते, पण नाव मला सांगता येईना. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. कुठे 'मनमाडची ती शिक्षिका', कुठे 'नववधू', शेवटी 'सौ. श्रीपाद'. नाव नव्हतंच. मालिका संपल्यावर जगाला सगळं सांगत सुटलेल्या माणसाला तिला एक नाव द्यावं असं तेव्हा सुचलं नाही, आणि नंतरही नाही. घंटा झाली. मॅडमनी पुस्तक माझ्या हातात दिलं, खडू घेतला आणि आठवीच्या वर्गावर गेल्या.

तुम्ही एव्हाना हा लेखक कोण ते विचारायच्या बेतात असाल. त्याच्या पुस्तकातल्या त्या बाईला नाव मिळेपर्यंत माझ्या लेखात त्यालाही मिळणार नाही.