ओस्निएलची तेर्का

ओस्निएल तामायो एकही वाक्य पुरं करायचा नाही. "मावशी, तो पंखा मी उद्या..." एवढं पुटपुटून निघून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन खरंच पंखा चालू करून द्यायचा. मी पडले चाळीस वर्षं रेडिओच्या मालिका लिहिणारी बाई. लोकांच्या तोंडी पुरी वाक्यं घालणं हाच माझा धंदा. तेव्हा आमचं जमायचं तसं काही कारण नव्हतं. सोराइदाचं, म्हणजे माझं, कुणाशीच पटत नाही, असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या मान्सानियो गावात जिच्या घरी भाताचा कुकर आहे तिला ओस्निएलशी जमवून घ्यावंच लागतं.

तो मिगदालियाचा मुलगा, आमच्यापासून तिसरं घर. बाप साखर कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि वर्षभरात बापही गेला. ओस्निएलने नऊ वर्षं मोहल्ल्याच्या क्लबात पोरांना कॉम्प्युटर शिकवला. तिथलं शेवटचं मशीन मेलं तेव्हा खिडकीशी टेबल ओढून पंखे, कुकर, रेडिओ दुरुस्त करायला बसला. छत्तीस वर्षांचा, काटकुळा, पायात तारेने शिवलेल्या चपला. एक मुलगी होती त्याच्या आयुष्यात, ती आपल्या भावाबरोबर समुद्रापलीकडे गेली. त्यावर तो कधी बोलला नाही. मी विचारलंही नाही. मनातल्या मनात त्या गोष्टीचे तीन शेवट मात्र लिहून ठेवलेत.

गेल्या वर्षी गावभर चिकनगुनिया आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण माझ्या बोटांचे सांधे सुजले ते सुजलेच. सकाळी कॉफीचा कप धरवेना. कॉम्प्युटरचा माउस, म्हणजे तो उंदीर, पकडून टिचटिच करायचं तर नावच नको. आणि दर शुक्रवारी मालिकेचे सहा भाग रेडिओ केंद्रावर द्यायचे असतात. एक आठवडा चुकला. दुसरा चुकला तेव्हा केंद्रावरून निरोप आला, बाई, तब्येतीला जपा, सांतियागोचा एक तरुण लेखक आहे, तो मालिका पुढे नेईल म्हणतो. म्हणजे डॉक्टर आर्सेनियो, त्याची आई, त्या दोघी जुळ्या बहिणी, एकवीस वर्षं मी पोसलेली माणसं त्या पोराच्या हवाली करायची. मी त्या दिवशी जेवले नाही.

ओस्निएल कुकर द्यायला आला होता. माझे हात बघितले आणि जिभेने टक् असा आवाज केला. काही मोडलेलं दिसलं की तो तसा आवाज करतो. म्हणाला, "मावशी, उंदीर नको. मी एक असं..." आणि गेला.

सहा आठवडे घेतले त्याने. तोवर केंद्राने जुनेच भाग पुन्हा लावले. माझं मशीन इतकं म्हातारं की बाजारातलं कुठलंही लिहायचं साधन त्यावर धापा टाकतं. म्हणून त्याने सगळं स्वतःच लिहून काढलं, पहिल्या ओळीपासून. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, एक चित्र नाही की एक बटण नाही. वीज गेली तरी चालावं म्हणून मशीन स्कूटरच्या जुन्या बॅटरीला जोडलं. आणि बॅटरीही संपली तर काही हरवू नये म्हणून मी दाबलेलं प्रत्येक बटण त्याच क्षणी एका वहीत नोंदलं जाईल अशी सोय केली. वही म्हणजे मशीनच्या पोटातली. हे सगळं त्याने मला समजावून सांगितलं होतं. मी फक्त मान डोलावली.

त्या साधनाचं नाव त्याने ठेवलं तेर्का, म्हणजे हट्टी बाई. मला वाटलं मशीनला म्हणतोय.

तेर्काच्या दोन बाजू होत्या. लिहायच्या बाजूला असलं की बटण दाबल्यावर अक्षर उमटतं. हुकमाच्या बाजूला असलं की तेच बटण अक्षर उमटवत नाही, काम करतं. एक दाबलं की ओळ पुसली जाते, दुसरं दाबलं की प्रसंग संपतो, तिसरं दाबलं की "डॉक्टर आर्सेनियो" हे अख्खं नाव येऊन बसतं. नावांसाठी बोटं झिजवायला नकोत आणि हात जागचे हलायला नकोत, हा त्याचा हिशोब. हिशोब चोख होता, पण पहिल्याच दिवशी मी बाजू बदलायची विसरले आणि मान खाली घालून टाइप करत सुटले. डॉक्टर आर्सेनियो लग्नाची मागणी घालतो तो प्रसंग होता. वर बघते तो एकही शब्द उमटलेला नाही. प्रत्येक अक्षराला तेर्काने हुकूम समजून निम्मा भाग खाल्लेला, दोघी जुळ्या कुठल्या कुठे, आणि डॉक्टरची आई चार वेळा दार उघडून आत येत होती. मी ओरडून ओस्निएलला बोलावलं. तो हसला नाही. एक बटण दाबत गेला आणि सगळं पावलापावलाने मागे फिरलं. "हे उलटं फिरवायचं बटण," म्हणाला. "हे असलं की घाबरायचं..."

महिन्याभरात हात बसला. सहाच्या सहा भाग वेळेवर जायला लागले. सांतियागोचा पोरगा सांतियागोतच राहिला. जानेवारी संपता संपता तेर्का पुरी झाली आणि ओस्निएल यायचा थांबला. तीन-चार दिवस मी काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी त्याच्या खिडकीशी जाऊन सांगितलं, प्रसंग संपवायचं बटण अडकतंय.

अडकत नव्हतं. मी खोटं बोलले. दिवसभर माझ्या घरात वीस माणसं बोलत असतात, पण त्यातलं एकही कॉफी पीत नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. ओस्निएल चार वाजता यायचा, माझी रेशनची, भाजलेले वाटाणे दळून मिसळलेली कॉफी तोंड वाकडं न करता प्यायचा, टक् करायचा, काहीतरी ठोकायचा, जायचा. मला ते हवं होतं. मग बिघाड येतच गेले. कधी नाव उशिरा उमटतं, कधी ओळ उडी मारते, कधी हिरवा रंग डोळ्यांना लागतो. मालिका लिहिणारीला खोट्या अडचणींचा काय तोटा? तो एकदाही म्हणाला नाही की कालच तर केलं. बसायचा आणि करून द्यायचा. एका फाइलीत सारखा काहीतरी लिहायचा. बटणांची मांडणी त्या फाइलीत असते म्हणाला. ती तेवढी उघडायची नाही, असं मला बजावून ठेवलं होतं.

मेच्या चौथ्या आठवड्यात मिगदालिया आली. झुलत्या खुर्चीत बसली, पण झुलली नाही. कॉफी नको म्हणाली.

"सोराइदा, खरं सांग. तुझं ते यंत्र कधी धड होणार?"

मी म्हटलं, असल्या नाजूक कामांना वेळ लागतो बाई. तिने सगळं सांगितलं. परदेशात, मोन्तेव्हिदेओत असलेल्या मोठ्या मुलीने भावाचे तिकडे यायचे कागद केलेत, कामही बघून ठेवलंय. एक तारीख त्याने मार्चमध्ये पुढे ढकलली. आता महिनाअखेरची आहे, ती गेली की कागद संपले.

"विचारलं तर म्हणतो, मावशीचं मशीन पुरं होईस्तोवर मी... पुढचं तुला ठाऊकच आहे, बोलत नाही." तिने खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा हातात पिळला. "तो गेला की मी एकटी पडेन, हे मला कळत नाही होय? तरी मी त्याला जा म्हणते. तू काय माझ्याहून जास्त लागतेस का गं त्याची?"

मी उगीच उठून पंखा तिच्याकडे वळवला. ती गेल्यावर मला माझी इतकी लाज वाटली की दाराला आतून कडी घातली.

आणि त्याच आठवड्यात तेर्का खरोखर बिघडली. माझीच करणी. ओळी उडी मारतात असं माझं खोटं गाऱ्हाणं, त्यापायी त्याने आत काही फिरवलं असणार, आणि उलटं फिरवायचं बटण मेलं. त्या दिवशी मी डॉक्टरच्या आईचा मरणाचा प्रसंग लिहीत होते. चुकून भलतंच दाबलं आणि दीड पान पुसलं गेलं. उलटं बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. म्हातारी परत येईना. त्याला हाक मारायला उठले आणि दारातून परत फिरले. मग दुपारभर बसून दोन बोटांनी दीड पान पुन्हा लिहिलं. बोटं केळ्यासारखी टम्म सुजली. ओला फडका गुंडाळला, पुन्हा लिहिलं.

चार वाजता तो आला. "आज काय, मावशी?"

"काही नाही."

"काहीच?"

"काहीच नाही. यंत्र पुरं झालं बाबा. आता उगीच त्याला हात लावू नकोस. तू तुझं तिकीट बघ."

तो माझ्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला. मी हात मांडीखाली घेतले. त्याने नेहमीसारखा खिशातून पेनड्राइव्ह काढला, मशीनला लावला, मशीनमधलं काही त्यात उतरवून घेतलं. कॉफी प्यायला. दारात थांबून म्हणाला, "मग, मावशी, मी..." आणि गेला.

निरोप द्यायला मी बसथांब्यावर गेले नाही. भाग द्यायचेत, असं सांगितलं. ते मात्र खरं होतं. ते सगळे दिवस मी जुन्या टाइपरायटरवर लिहावं तशी लिहीत होते, एकेक अक्षर तोलून, काही चुकणार नाही अशा बेताने. चुकलं असतं तर मागे फिरायला जागा नव्हती.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, चारच्या सुमाराला, मिगदालिया आली. डोळे सुजलेले. हातात तो पेनड्राइव्ह. म्हणाली, "हा लावायचा म्हणाला. आणि जी फाइल उघडू नका म्हटलं होतं ती उघडायची."

मी लावला. तेर्का आपली आपणच बंद होऊन पुन्हा चालू झाली. फाइल उघडली. बटणांच्या ओळी होत्या आणि मध्ये मध्ये काही ओळींपुढे दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची जाळीची खूण. त्याने एकदा सांगितलं होतं, ही खूण असलेली ओळ मशीन सोडून देतं, ती माणसासाठी असते. मी मिगदालियाला ऐकू जाईल असं वाचायला लागले.

"# मावशीचं उजवं मधलं बोट सगळ्यात जास्त दुखतं. त्या बोटाला काही काम देऊ नये."

"# रागावल्या की हे बटण आपटतात. याने काहीही होऊ नये."

"# तीन फेब्रुवारी. म्हणतात, प्रसंग संपवायचं बटण अडकतं. नोंदवहीत बघितलं. आठवडाभर रोज दाबलंय, एकदाही दुसऱ्यांदा दाबावं लागलेलं नाही. कॉफी घेतली. दुरुस्त केलं म्हणून सांगितलं."

ती ओळ मी पुन्हा वाचली, मनातल्या मनात. प्रत्येक बटण नोंदलं जातं, हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती वही वीज गेल्यावरच लागते. मिगदालिया म्हणाली, "वाच ना, थांबलीस का?"

अशा एकोणीस नोंदी होत्या. माझे एकोणीस बिघाड, तारखेनिशी. "# सतरा मार्च. नवा बिघाड शोधायला त्यांना हल्ली फार वेळ लागतो. त्यांची सोय व्हावी म्हणून एक बटण मीच जरा हळू केलं." त्यावर मिगदालिया रडता रडता हसली. मग मीही. जन्मभर एक वाक्य पुरं न करणाऱ्या त्या माणसाने इथे प्रत्येक वाक्य पूर्णविरामासकट लिहिलं होतं.

शेवटची नोंद त्याच्या शेवटच्या भेटीच्या दिवसाची. "# सव्वीस मे. आज म्हणाल्या, काही बिघडलेलं नाही. उलटं फिरवायचं बटण अकरा वेळा दाबलंय, मग दीड पान पुन्हा लिहिलंय. चूक माझी होती. दुरुस्त केली आहे. मी जातो, मावशी."

मी डॉक्टरच्या आईचा प्रसंग उघडला. एक ओळ मुद्दाम पुसली. मग उलटं फिरवायचं बटण दाबलं, आणि ओळ जागच्या जागी परत आली. मी टेबलावर डोकं टेकून रडले, मिगदालियासमोर, लाज न बाळगता. तिने उठून कॉफी ठेवली आणि तीन कप काढले. तिसरा परत ठेवायचं दोघींनाही सुचलं नाही.

कॉफी होईतो मी पुन्हा ती फाइल उघडली. त्याच्या शेवटच्या ओळीखाली गेले आणि लिहायची बाजू घेतली. पुढे त्याच्यासारखीच खूण काढली, दुखऱ्या बोटानेच. मिगदालियाला म्हटलं, हे आता तुझ्या फोनवरून त्याला पाठव.

"# एकतीस मे. आज खरंच काही बिघडलेलं नाही. तरी ये."