कुठली वाडी?

"खाली ठेव," साहेब म्हणाले.

मी त्यांचा क्लब त्यांच्या हातात द्यायला गेलो होतो. बॉल भोकात ढकलायला जो सपाट तोंडाचा क्लब लागतो ना, पटर, तो. माझ्या जुन्या सेटमध्ये तो नव्हता म्हणून सकाळी साहेबांनीच आपला पुढे केला होता. "घ्या हो, माझाच वापरा. आपल्या माणसाला नाही म्हणायचं का?" असं म्हणाले होते. पहिल्या काही होलवर तो क्लब त्यांच्या हातातून माझ्या हातात आणि माझ्या हातातून त्यांच्या हातात फिरत होता.

आणि आता खाली ठेव.

मी गवतावर ठेवला. साहेबांनी बॅगेला लटकवलेला ओला टॉवेल काढला. टॉवेलानंच क्लब उचलला. मूठ पुसली. दांडा पुसला. परत मूठ पुसली. घाई नव्हती त्यांना. राग नव्हता. घरी कुणी चप्पल घालून आत आलं तर फरशी पुसतात, तसं पुसत होते. मग टॉवेल घडी घालून परत लटकवला आणि पुढे चालू लागले.

मधल्या वेळात एवढंच झालं होतं. एका होलवरून दुसऱ्याकडे चालताना त्यांनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. मग गाव विचारलं. सांगितलं. एकदम खूश झाले. "अहो, तुमच्या शेजारच्या गावात माझी मावशी दिलीये. लहानपणी सगळी मे महिन्याची सुट्टी तिकडे." मग विचारलं, "तुम्ही कुठल्या वाडीतले?"

"बौद्धवाडी," मी म्हणालो.

"अच्छा," साहेब म्हणाले.

बस. त्या एका 'अच्छा'मध्ये मी 'तुम्ही'चा 'तू' झालो. मावशीचं गाव संपलं. आपला माणूस संपला.

मी बहारीनमध्ये एका गोल्फ कोर्सवर मेकॅनिक आहे. गवत कापायची मशिनं, मेंबर लोकांच्या बॅटरीवरच्या गाड्या, पाण्याचे पंप, हे सगळं दुरुस्त करतो. राहतो सलमाबादला, गोदामांच्या मागे, कंपनीच्या खोलीत. कोर्स बंद असतो त्या दिवशी आम्हा कामगारांना खेळायची मुभा आहे. मेंबरांनी टाकून दिलेले क्लब जमवून मी शिकलो. आवडला खेळ. खोटं कशाला सांगू. बॉल नीट बसला की मनगटातून वर खांद्यापर्यंत जे जातं, ते दुसऱ्या कशात नाही.

वर्षातून एकदा मेंबर आणि स्टाफ एकत्र खेळतात. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात. माझी जोडी साहेबांशी लागली. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत ते. मराठी लोकांच्या गणपतीत आरतीला पुढे असतात, हे मी लांबून पाहिलेलं. आमच्याबरोबर दुसरी जोडी होती एक म्हातारा इंग्रज मेंबर आणि आमच्या रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी, मारिसेल.

म्हातारा इंग्रज सकाळपासून मारिसेलला समजावत होता. हा कोर्स इंग्लंडच्या जुन्या माळरानावरच्या कोर्ससारखा केलाय म्हणे. हीथ म्हणतात त्याला. त्याच्या गावाजवळ आहे तसला. झाडं कमी, वाळूची जमीन, गुडघ्याएवढी चिवट झुडपं, आणि त्यातून कापून काढलेली गवताची वाट. तिकडे झुडपांना जांभळी फुलं येतात. इथे खाऱ्या मातीतली राखाडी झुडपं लावलीत.

मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी कोर्स पाहिला तेव्हाच ओळखलं होतं. हा तर आमचा सडा. रत्नागिरीकडे गावाच्या डोक्यावर कातळाचं उघडं माळरान असतं, त्याला आम्ही सडा म्हणतो. तीच खुरटी झुडपं. तोच वारा. पावसाळा सरताना तिकडेही जांभळी फुलं येतात.

सड्यावर माझा बाप हाकारा होता.

खोताकडे मुंबईहून पाहुणे यायचे शिकारीला. मग वाडीत निरोप यायचा. बाप आणि इतर चार माणसं रॉकेलचे रिकामे डबे बडवत झुडपांतून चालायची. डुक्कर उठवायचं आणि बंदुकांकडे हाकलायचं. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. एकदा पाहुण्याच्या बंदुकीचे छर्रे बापाच्या पोटरीत घुसले. खोत म्हणाला, "काय झालं नाय ना रे?" बाप म्हणाला, "नाय मालक." आणि त्याच पायानं खांद्यावर डुक्कर घेऊन खाली उतरला. खोताच्या अंगणाबाहेर उभं करून त्याला वरून पाणी घातलं. ओंजळीत. घरी आल्यावर आयेनं सुईनं छर्रे काढले. बाप ओरडला नाही. पुढच्या वेळी निरोप आला तेव्हा डबा घेऊन परत गेला. डावा पाय ओढत.

मी त्याला विचारलं होतं, "तू बोलला का नाहीस?" त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि कूस बदलून झोपला. त्यावर आमचं परत कधी बोलणं झालं नाही. मी परदेशी यायच्या आधीच तो गेला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगतो. बाप मला या कोर्सवर दिसतो.

ऊन चढलं, जमीन हलल्यासारखी दिसायला लागली की दिसतो. झुडपांतून पुढे चाललेला असतो. बनियन, खाकी चड्डी, ओढता पाय. कायम पाठमोरा. पहिल्यांदा दिसला तेव्हा कुणी कामगार बॉलच्या वाटेत आलाय असं वाटून मी मशिन बंद केलं, हाका मारल्या. नुसता वारा होता, आणि लांब मआमीरच्या कारखान्यांचा धूर. मला वेड लागलेलं नाही. मशिनचा एक स्क्रूही मी विसरत नाही. पण दिसतो.

तर त्या दिवशी क्लब पुसून झाल्यावर मी गप्प राहिलो. तेही सांगतो. गप्प राहिलो आणि खेळत राहिलो. साहेब इंग्रजाशी हसून बोलत होते. पटर लागला की मी गवतावरून उचलायचो, खेळायचो, गवतावर ठेवायचो. ते पुसायचे. मारिसेलच्या ते लक्षात आलं. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

मग एका लांब होलवर साहेबांचा बॉल वाकडा गेला. सरळ झुडपांत.

"जा, बघ," साहेब म्हणाले.

मी निघालो. डोक्यानं काही ठरवायच्या आधी पाय निघाले होते. झुडपांत शिरलो, हातातल्या क्लबनं फांद्या बडवायला लागलो. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. ठक. ठक. पुढे बाप चालला होता. त्याच चालीनं. तो डबा बडवत होता, मी क्लब. आणि मला ऐकू आलं, की आमचा आवाज एकच येतोय.

मी थांबलो. समुद्र ओलांडून, पासपोर्ट काढून, विमानात बसून मी इथे आलो होतो. आणि बापासारखा हाकाराच झालो होतो.

बॉल पायाजवळच होता. झुडपाच्या बुडाशी.

"मिळाला?" साहेबांनी विचारलं.

"मिळाला."

"उचल आणि बाहेर गवतावर टाक. कोण बघतंय."

"नाही."

"काय?"

"बॉल इथे आहे, पडला तिथूनच खेळतात. खेळायचा असेल तर तुम्ही इथे या."

"अरे, टाक म्हणतो ना."

"मी तुमचा पार्टनर आहे," मी म्हणालो. "तुमचा हाकारा नाही. आधी सांगा, माझी वाडी कळल्यावर क्लब का पुसलात?"

माझा आवाज मोठा नव्हता. पण त्या उघड्यावर तो पोचला. इंग्रज थांबला. काही अडचण आहे का, असं त्यानं विचारलं. साहेबांनी इंग्रजीत हसून सांगितलं, काही नाही, उन्हानं दमलाय तो.

माझं इंग्रजी मशिनच्या पुस्तकाएवढंच. पण तेवढं होतं.

"सर," मी म्हणालो, "ही आस्क माय कास्ट. आफ्टर दॅट ही नॉट टेक क्लब फ्रॉम माय हँड."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. म्हातारा आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, आपण पुढे खेळू या का. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त ते ऐकायचं नव्हतं. मारिसेल चालत आली आणि तिचा पटर माझ्यापुढे धरला. शेवटच्या होलपर्यंत मी तिच्या पटरनं खेळलो. साहेब मधूनच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. गोरा माणूस, कामात चांगला. मी चारचौघांत मेंबरला शिव्या दिल्या, अशी तक्रार होती. मी झालं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे तुमचं इंडियन लोकांचं आपसातलं आहे, मी त्यात पडत नाही. तू सॉरी म्हण, विषय संपला.

"सॉरी कशाबद्दल?" मी विचारलं.

वातावरण बिघडल्याबद्दल, असं काहीतरी म्हणाला.

"मी नाही बिघडवलं," मी म्हणालो. आणि बाहेर आलो.

खोलीवर माझ्याबरोबर रायगडचे इस्माईलभाई राहतात. सुतार आहेत, इथेच केस पिकले. त्यांनी भात टाकता टाकता सगळं ऐकलं. म्हणाले, "अरे, एक शब्द बोलून टाक. माफी, खलास. व्हिसा त्यांच्या हातात आहे."

"भाई, तुम्ही बोलला असता?"

त्यांनी भातावर झाकण ठेवलं. "मी बोललोय," म्हणाले. "लय वेळा." मग वाढायला घेतलं. त्या रात्री आम्ही दोघंही फार जेवलो नाही.

आयेला फोन केला. ती घाबरली. "कशाला बोलायचं रे? तुझ्या बापानं कधी उलटून शब्द काढला नाय."

"म्हणूनच तो मरेपर्यंत लंगडला, आये," मी म्हणालो.

ती रडली. मी फोन ठेवला नाही, आणि समजूतही घातली नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत कानाला धरून बसलो.

मला काढलं नाही. मशिनं बंद पडली असती. पण कॉन्ट्रॅक्ट संपताना बघू, असं सांगितलंय. मेंबरांबरोबर मला खेळू देणार नाहीत, असं वरून आलंय. लेखी नाही. तोंडी. साहेब दर शुक्रवारी येतात. मला बघून दुसरीकडून जातात.

वाटलं होतं, तोंड उघडलं की बाप दिसायचा थांबेल. थांबला नाही. परवाच दिसला. कधी तरी तो वळेल आणि मला काहीतरी म्हणेल अशी मी वाट बघायचो. आता बघत नाही. त्याचा हिशेब त्याच्याबरोबर गेला. माझा माझ्याकडे आहे.

मेंबर-स्टाफ एकत्र खेळायचा दिवस परत येतोय. मी नाव देणार आहे. नाव घेतलं नाही तर ऑफिसात सगळ्यांसमोर उभा राहून विचारणार, का नाही? इंडियन लोकांचं आपसातलं, वातावरण, मेंबरची तक्रार, यातलं काही ऐकून घेणार नाही. जो शब्द आहे, जात, तोच त्यांच्या तोंडून वदवून घेणार. तो ऐकल्याशिवाय मी दारातून हलणार नाही. मग तिकीट काढून विमानात बसवायचं तर खुशाल बसवा.