मास्टरांचा कच्चा टाका

बस्त्यांव मास्टर माणसाला चेहऱ्याने ओळखत नसत. कंबरेने ओळखत. बाजारात कुणी समोरून आलं की त्यांची नजर पहिली पट्ट्यावर जायची, आणि मग वर चढत चढत नाकापर्यंत पोचायची. एकदा आमचे नगरसेवक मोठ्या थाटात दुकानात आले. मास्टर मान वर न करताच म्हणाले, "बत्तीस होतंस, छत्तीस झालंस. निवडून इलंस वाटता!"

मालवणात मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक स्टूल, भिंतीवर सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो आणि त्याखाली लटकलेल्या अर्ध्या शिवलेल्या पँटी. शेजारी फातिमाचाचीचं बटणं-दोऱ्याचं दुकान. मध्ये पार्टिशन फळीचं, त्यामुळे इकडचं सगळं तिकडे ऐकू जायचं आणि चाचीची मतं तिकडून इकडे यायची. फुकट.

मास्टर माप घ्यायला लागले की सगळी गल्ली मजा बघायला थांबायची. कारण टेप दिसली की माणूस पोट आत ओढतो. छाती पुढे, हनुवटी वर, श्वास बंद. मास्टर टेप गळ्यात टाकून हाताची घडी घालत आणि म्हणत, "श्वास सोड." समोरचा म्हणे, सोडला की. "नाय सोडूक. मी माणसाचा माप घेतंय, फोटोचा नाय." तरी ऐकला नाही तर ते बांगड्याच्या तिखल्याचा विषय काढत. तिरफळं किती घालायची, आमसुलं कधी घालायची. माणूस तिखल्यात रंगला, पोट सैल सुटलं, की सटकन टेप फिरायची. आम्ही पोरं त्यांना मागून 'श्वास सोड' म्हणूनच ओळखायचो.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे 'फाल्या'. फाल्या म्हणजे उद्या. पँट कधी मिळेल? फाल्या. ती फाल्या कधी उगवायची ते सायबिणीलाच माहीत. चाची फळीपलीकडून ओरडायची, "बस्त्यांव, त्या झिलाचा लगीन होऊन पोरगो शाळेत जायत, पण पँट होवची नाय!" मास्टर शांतपणे म्हणायचे, "मगे त्या पोराक होयत ती."

आता माझं सांगतो. मी नकलाकार. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून अर्धी सुट्टी जाहीर केलेला तो मीच. एसटीचा कंडक्टर, बातम्या देणारी बाई, आमचे नगरसेवक, लिलाव पुकारणारा, कुणीही सांगा, काढून दाखवतो. फक्त एकाच माणसाची नक्कल मला जमत नव्हती. माझी. स्वतःच्या आवाजात बोलायला गेलो की पहिलाच शब्द घशात अडायचा. दुसऱ्याचा आवाज घातला की गाडी सुसाट.

यामुळे नोकरीच्या मुलाखतींमध्ये माझं जे व्हायचं ते झालं. एका ठिकाणी मी बातम्यांच्या आवाजात स्वतःची माहिती दिली. साहेब म्हणाले, हवामान पण सांगून टाका. दुसऱ्या ठिकाणी नगरसेवक झालो आणि सगळ्या प्रश्नांना आश्वासनं देऊन आलो. मग आईने शेवटचं सांगितलं, "शिरोड्याच्या हॉटेलातली ही नोकरी लागली तर बरी. नायतर वैभववाडीक मामाच्या गिरणीवर जायचा." पिठाची गिरणी! तुम्हीच विचार करा. नकलाकाराला गिरणीवर बसवणं म्हणजे काय. दिवसभर त्या घरघरीत माझं ऐकणार कोण? पिठाने पांढरा झालेला मी, आणि समोर कानाला हात लावून "काय म्हणालास?" विचारणाऱ्या बायका.

म्हणून मी मुलाखतीसाठी पँट शिवायला मास्टरांकडे गेलो. त्यांनी टेप काढली. मी उभा राहिलो, अगदी फौजदारासारखा. मास्टर मागे सरले. "आता ह्यो कोण उभो आसा?" मी बदललो, हॉटेलच्या मॅनेजरसारखा हसलो. "आणि ह्यो कोण? तुझी पँट शिवची आसा की गावाची?" फळीपलीकडून चाची, "गावाची शीव रे, कोणाक तरी बसात!"

कसंबसं माप झालं. मास्टरांनी विचारलं, इंटरव्ह्यूत काय विचारतात? स्वतः त्यांनी आयुष्यात कधी मुलाखत दिलेली नव्हती. बाप टेलर होता, बापाने स्टुलावरून उठवून मशीनवर बसवलं, तीच मुलाखत. मी म्हटलं, पहिलं विचारतात, स्वतःबद्दल सांगा. "मगे सांग," म्हणाले आणि मशीन चालू केलं.

मी बातम्यांच्या आवाजात सुरू केलं. मशीन थांबलं.

"मास्टर, काय झालं?"

"ती टीव्हीवाली बाय भायर बसव. तिची पँट मी शिवणय नाय."

मग लक्षात आलं. मी माझ्या आवाजात बोललो की मशीन चालायचं. दुसऱ्याचा आवाज आला की मास्टरांचा पाय थांबायचा. म्हणजे माझी पँट माझ्याच बोलण्यावर शिवली जात होती! रोज दुपारी जाऊन मी स्टुलावर बसायचो आणि घाम गाळत बोलायचो. आई काय करते, मी कुठे शिकलो, मालवणचा असून मला पोहता कसं येत नाही. पहिला शब्द अडला की मी कावराबावरा व्हायचो. मास्टर बॉबिन बदलत म्हणायचे, "अडाकलस तर अडाक. मशीन पण अडाकता. म्हणून काय सुई तुटता?" एकदा मला फारच राग आला. म्हटलं, "मास्टर, तुमचीच नक्कल दाखवू का?" आणि त्यांचाच आवाज काढला, "श्वास सोड!" फळीपलीकडे चाचीने हसून हसून बटणांचा डबा सांडला. मास्टर गंभीर. "बरो काढलंस. पण मशीन थांबला, बघितलंस मा?"

मुलाखतीच्या आदल्या दिवशीही उत्तर तेच, फाल्या. यावेळी फाल्या खरोखरच मुलाखत होती. सकाळी मी जुनी पँट घालून, रडवेला होऊन एसटी स्टँडवर उभा. शिरोड्याला जाणारी गाडी लागली आणि तेवढ्यात मास्टर आले. धावत. मास्टरांना धावताना मालवणाने प्रथमच पाहिलं असेल. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी पँट.

"खालची दुमड कच्च्या टाक्यावर आसा हां. घालून चल, बस, ऊठ. पँट अंगाक बसली की मगे घेवन ये, पक्को टाको घालतंय."

ही त्यांची पद्धतच होती. पँट एकदा वापरून झाल्याशिवाय खालची दुमड ते कधी पक्की करत नसत. आमच्याकडे लग्नात नवऱ्याच्या पायाशी पांढरा दोरा दिसला की पाहुणे ओळखायचे, बस्त्यांव मास्टरांची पँट.

शिरोड्याला एका खानावळीत पँट बदलली आणि हॉटेलात गेलो. टेबलामागे तिघं. मधल्या बाईंनी विचारलं, "स्वतःबद्दल सांगा." मी घाबरलो आणि घाबरलो की माझ्यात कोण येतं ते तुम्हाला माहीत आहे. "नमस्कार, ठळक बातम्या" एवढंच म्हणायचं बाकी होतं, बाकी सगळा तोच सूर. दोन वाक्यं झाली आणि मी गप्प झालो. त्या गार खोलीत शिलाईचं मशीन कुठून असणार? तरी मला ते थांबलेलं ऐकू आलं.

बाई माझ्या पायांकडे बघत होत्या. "ते खाली पांढरं काय आहे?"

मी खाली बघितलं. काळ्या पँटीवर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके. आणि लक्षात आलं की मी मघापासून पोट आत ओढून बसलोय. सोडलं. श्वास सोडला. पहिला शब्द अडला, त्याला अडू दिलं. मग सांगितलं, आमचे मास्टर असे असे, पँट आधी अंगाला बसू द्यायची, मग पक्की करायची.

बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तुम्हाला घेतलं तर ते पक्का टाका घालणार?"

"नाही मॅडम. नाही घेतलंत तरी घालणार. फक्त उठबस झाली पाहिजे."

तिघं हसली. मग विचारलं, गिऱ्हाईक चिडून काउंटरवर आलं तर काय कराल? मी म्हटलं, आधी बसवेन, पाणी देईन, दुसरंच काहीतरी बोलेन. चिडलेला माणूस श्वास ओढून उभा असतो, तो सुटला की मग त्याची तक्रार मापात येते. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "अर्जात छंद नकला लिहिलाय. माझी नक्कल काढाल?"

मी म्हटलं, "काढेन. नोकरी लागल्यावर."

लागली. गिरणी वाचली, मामाही वाचला. लगेच रुजू व्हायचं होतं, त्यात पर्यटकांचा हंगाम. सुट्टी मिळाल्या मिळाल्या पँट आणि पेढे घेऊन मालवणला गेलो, तर दुकानाला कुलूप. चाची बाहेर आली. "लेक इली नि मडगावाक घेवन गेली रे. डोळ्यांनी दिसणा नाय तेका आता. मशीन पण नेल्यान. म्हणता, ऐकूक तरी होया." पेढे चाचीलाच दिले. तिने एक खाल्ला आणि आत जाऊन डबा फळीला लागून ठेवला.

मडगावला फोन लावला. बातमी सांगितली.

"माका ठावक होता," मास्टर म्हणाले. "उभो आसस?"

"हो."

"खोटा. बसान बोलतस. आवाजातसून कळता."

मी खरंच बसलो होतो. उठलो.

"हां, आता बरो. पँट बसली?"

"बसली मास्टर. पण खाली अजून कच्चा टाका आहे."

"तसोच ठेव, कोणाकडे देऊ नको," ते म्हणाले. "मी येतंय फाल्या."

हॉटेलातल्या पोरांना मी मास्टरांची नक्कल करून दाखवतो. 'फाल्या' म्हटलं की पोरं हसतात. शिरोड्यातला टेलर येता-जाता सांगतो, दे इकडे, मिनिटाचं काम आहे. मी देत नाही. पांढरा दोरा कुठे सुटायला लागला की घरी आल्यावर सुई घेऊन स्वतःच पुन्हा घालतो. कच्चाच. पक्का घालायला मास्टर येणार आहेत, फाल्या.