चेटकिणीच्या गुहेतली दिलशाद

दिलशाद मुलाणीचा आवाज पौडच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या घरापासून एसटी स्टँड काही जवळ नाही, तरी तिनं दारातून हाक मारली की तिकडे चहा पीत बसलेला तिचा नवरा असलम अर्धा कप तसाच ठेवून उठतो. हा आवाज गोड वगैरे मुळीच नाही. जाड, खरखरीत आणि जन्मापासून मोठा. बघायला पाहुणे आले तेव्हा मावशीनं बजावलं होतं, की काही विचारलं तर नुसती मान हलवायची. दिलशादनं मान हलवली आणि लग्न ठरलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी दूध उतू जायला लागलं तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली, आणि सासरे झोपेतून उठून चपला न घालता रस्त्यावर गेले, असं असलम अजून रंगवून सांगतो.

सासू मात्र हसण्यावारी न्यायची नाही. बाई मनानं चांगली होती, पण सुनेचा आवाज उंबऱ्याच्या आत राहिला पाहिजे यावर ठाम होती. ती होती तोवर दिलशादनं रोज एकदा तरी ‘आवाज खाली’ ऐकलं. एवढं ऐकून माणूस मुकं होतं. दिलशाद झाली नाही, पण घरात बोलताना तोंडापुढे पदर धरायची सवय तिला लागली ती लागलीच.

पौडच्या पुढं, ताम्हिणीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून अण्णासाहेबांनी ‘जादूवाडी’ नावाचा पार्क काढला, तेव्हा दिलशाद तिथं झाडलोटीला लागली. झोके, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या असं सगळं होतं, पण खरं आकर्षण म्हणजे चेटकिणीची गुहा. रुळावरून लहान लहान गाड्या अंधारात शिरायच्या, वळणावळणावर राक्षस, वटवाघळं, आणि शेवटच्या वळणावर फायबरची दहा फुटी चेटकीण. तिच्या तोंडातून येणारा आवाज मुंबईहून मागवला होता. उद्घाटनाच्या दिवशी तो वाजलाच नाही.

त्याच दिवशी शाळेची पोरं वेळेआधी आली. दिलशाद आत झाडत होती, बाहेर पडायला वाट उरली नाही, म्हणून ती केरसुणी घेऊन चेटकिणीच्या पाठीमागं दडून बसली. गाडी आली. एक पोरगं सरळ उभं राहिलं आणि चेटकिणीच्या नाकाला हात लावायला म्हणून त्यानं एक पाय बाहेर टाकला. दिलशाद जीव खाऊन ओरडली, “ए टिकल्या! कुटं उतरतुयास? बस खाली! पाय आत घे, न्हाईतर तंगडं मोडून हातात दीन!”

मग गुहेत जी किंकाळी उठली ती तिकीटखिडकीपर्यंत ऐकू गेली. पोरं बाहेर आली ती पुन्हा रांगेत उभी राहायला धावली. चेटकीण आपल्याशी बोलली, आणि तेही घरच्यासारखं, हे त्यांना फारच आवडलं होतं. अण्णासाहेब हुशार माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिलशादला गुहेत उभं करून मोबाईलवर तिचा दम भरून घेतला. मुंबईचा आवाज मुंबईला परत गेला.

नऊ वर्षं तो दम वाजला. “घरात आमाला फुकट मिळतंय, ते लोक तिकीट काढून ऐकत्यात,” असं असलम त्याच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. बाजारात पोरं तिला ‘चेटकीणमावशी’ म्हणायची आणि मुद्दाम पाय लांब करून तिच्याकडं बघायची. दिलशाद डोळे वटारायची. तिला मनातून इतकं बरं वाटायचं की ती घरी येऊन दोन चपात्या जास्त करायची.

अण्णासाहेबांचं वय झालं. त्यांनी पार्क चालवायला नव्या मंडळींकडे दिला आणि त्यांच्याबरोबर जुईली आली. मूळची परभणीची, राहायला बावधनला, ॲनिमेशन शिकलेली, चालायची भराभरा आणि बोलायची त्याहून भराभरा. गुहा नव्यानं सजवायची हे तिचं काम. पहिल्याच सोमवारी, पार्कच्या सुट्टीच्या दिवशी, तिनं सगळ्या माणसांना गाडीत घालून एक परीकथेचा मोठा सिनेमा दाखवायला नेलं. हल्लीच्या लोकांना काय लागतं ते तुम्ही डोळ्यांनी बघा, असं तिचं म्हणणं.

दिलशादनं थेटरात असे किती सिनेमे पाहिले असतील? हाताच्या एका पंज्यावर मावतील. ती पहिल्या मिनिटापासून त्यात बुडाली. ड्रॅगन उडाला तेव्हा तिनं शेजारी बसलेल्या भिवाजीचा हात धरला. भिवाजी म्हणजे गुहेची गाडी सुरू-बंद करणारा, अबोल आणि तिरकस माणूस. त्यानं हात सोडवून घेतला नाही, फक्त नखं टोचताहेत एवढं सांगितलं.

परत येताना जुईलीनं एकेकाला विचारलं, काय वाटलं.

“म्याडम, हे तर आपल्या गुहेवानीच हाय की,” दिलशाद म्हणाली.

“कसं काय, मावशी?”

“आदी दार लावत्यात. मग अंधार. नुसता आवाज येतुया, दिसत कायबी न्हाई. जरा जिवाला बरं वाटाय लागलं की राक्षस म्होरं! मग पानी, वारं, पळापळ. शेवटाला उजेड. आन भायेर आलं की खायाचं दुकान, तितंबी आन हितंबी.” गाडीतले सगळे हसले. दिलशादला जोर चढला. “फरक एवडाच, तितं आपुन बसल्यालो आन चित्र पळतंय. हितं राक्षस बसल्याला आन आपुन पळतोय.”

जुईली वळून बघायलाच लागली. चार वर्षांच्या शिक्षणात हेच तिला मोठमोठे शब्द वापरून शिकवलं होतं, आणि एवढं नीट समजलं नव्हतं.

“आजून एक हाय,” दिलशाद म्हणाली. “तितली माणसं आपलं ऐकत न्हाईत. त्या राजपुत्राला मी दोनदा ‘मागं बघ’ म्हनलं. बघितलं न्हाई मेल्यानं.”

“त्यानं न्हाई,” भिवाजी म्हणाला, “पन आख्ख्या थेटरानं बघितलं तुज्याकडं.”

या हशात ती शेवटची गोष्ट वाहून गेली. जुईलीच्या डोक्यात राहिली ती पहिली. सिनेमा आणि गुहा एकच, तर आपली चेटकीणही सिनेमातल्यासारखीच बोलली पाहिजे. पंधरा दिवसांत नवा आवाज ठरला. दिलशादला हे कळलं तेव्हा ती गुहेच्या तोंडाशी पायऱ्या पुसत होती.

“मग माजा आवाज?” तिनं विचारलं.

“तो जपून ठेवू ना, मावशी. जुन्या फाईलमध्ये.”

दिलशादनं मान हलवली, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं हलवावी तशी. आपणच आपल्या तोंडानं आपला आवाज घालवला, हे तिला कळत होतं. गाडीत गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

घरी असलमनं समजूत घातली. “नोकरी तर हाय न्हवं? झाडू मारायचा, घरी यायचं. घसा तरी बसायचा न्हाई.”

“नोकरी हाय वो,” ती म्हणाली. “पन सगळ्या जगात ती एकच जागा हुती, जितं मला कुनी हळू बोल म्हनत न्हवतं.”

असलम उठला आणि त्यानं चहा टाकला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात त्यानं चहा टाकल्याची ही तिसरी वेळ.

नवा आवाज आला आणि तो वाईट निघाला असता तर दिलशादला सोपं गेलं असतं. पण तो झकास होता. खोल, घुमणारा, अंगावर काटा आणणारा. “हे मानवांनो, तुम्ही माझ्या साम्राज्यात पाऊल ठेवले आहे.” भिंती नव्यानं रंगवल्या होत्या, धूर होता, चेटकिणीच्या डोळ्यांत हिरवे दिवे होते. दिलशादनं कोपऱ्यात उभं राहून ऐकलं आणि ती प्रामाणिकपणे मनात म्हणाली, बाई चांगली बोलते. म्हणून तर जास्त लागलं.

पोरं बाहेर यायची, ‘मस्त होतं’ म्हणायची आणि आइस्क्रीमकडं वळायची. पुन्हा रांगेत कुणी येत नव्हतं. जुईली दाराशी उभी राहून एकेकाचा चेहरा न्याहाळायची आणि तिचा स्वतःचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. तक्रार कुणाचीच नव्हती, आणि हीच तर पंचाईत होती.

“लई गप येत्यात पोरं,” भिवाजी म्हणाला. “मयतीवरनं आल्यावानी.”

शेवटी एका बुधवारी जुईली दिलशादपुढं येऊन उभी राहिली. “मावशी, चला. माझ्याबरोबर गाडीत बसा आणि काय कमी आहे ते सांगा.”

नऊ वर्षांत दिलशादनं त्या गाड्या हजारदा पुसल्या होत्या, बसली एकदाही नव्हती. मागच्या गाड्यांत पिरंगुटच्या एका शाळेची पोरं होती. दार बंद झालं आणि अंधार पडला. कुठला राक्षस कुठल्या खिळ्यावर टांगलाय हे दिलशादला पाठ होतं, चेटकिणीचं नाक तर तिनं सकाळीच ओल्या फडक्यानं पुसलं होतं. तरी भीती वाटायची ती वाटलीच. तिनं आता जुईलीचा हात धरला.

शेवटचं वळण आलं. हिरवे डोळे पेटले. “परतीची वाट आता कायमची बंद झाली आहे,” चेटकीण गरजली.

“कशी काय बंद झाली?” दिलशादच्या तोंडून गेलं, आणि ते तिच्या पूर्ण आवाजात गेलं. “सकाळीच झाडून काडलीय की मी!”

मागच्या गाडीत कुणीतरी फिसकन हसलं.

“माझ्या शक्तीपुढे कोणाचेही काही चालत नाही!”

“व्हय गं, लई शक्तीची! तुजं नाक पुसतंय कोन रोज? उद्यापासनं न्हाई पुसत जा, बस तशीच शेंबडी!”

मग गुहेत जे झालं त्याला आवर नव्हता. पोरं किंचाळत होती, हसत होती, आणि प्रत्येकाला चेटकिणीशी भांडायचं होतं. ‘ए शेंबडे’, ‘ए हिरव्या डोळ्याचे’, ‘आमच्या बाईंना घेऊन जा!’ बाईही त्यातच होत्या. चेटकीण बिचारी आपलं ठरलेलं भाषण करत राहिली आणि तिचं एक वाक्य कुणी धड पुरं होऊ दिलं नाही. गाडी उजेडात आली तेव्हा पोरांचे घसे बसले होते. सगळी उतरली आणि पुन्हा रांगेकडं पळाली.

जुईली हसून हसून गाडीतच वाकली होती. डोळे पुसत ती म्हणाली, “मावशी, आमचं चुकलं. तुम्ही चेटकीण नव्हतातच कधी.”

दिलशादचा चेहरा खर्रकन उतरला.

“अहो, तसं नाही! सिनेमात आपण नुसतं बघतो, तिथं कुणाला उलट बोलता येत नाही. इथं येतं. पण सुरुवात कुणीतरी करून द्यायला लागते. चेटकीण राहू दे भिंतीत. तुम्ही गाडीत. पोरांच्या बाजूला. प्रत्येक गाडीतल्या स्पीकरमधून तुम्ही तिला दम द्यायचा.”

दिलशादला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं आधी भिवाजीकडं पाहिलं. तो नेहमीसारखा मख्ख होता. “शेंबडी ठेवा त्यात,” एवढंच तो म्हणाला.

मोबाईलवर भरायचे दिवस आता संपले होते. बावधनला एका इमारतीच्या तळघरात रेकॉर्डिंगची खोली होती, तिथं जुईली तिला घेऊन गेली. भिंतींना जाड गाद्या, खाली गालिचा, दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येईल इतकी शांतता. काचेपलीकडं रोहित नावाचा पोरगेला माणूस बसला होता, कानाला हेडफोन. दिलशादचा पदर आपोआप तोंडापुढं आला. “कशी काय बंद झाली,” ती पुटपुटली.

“मावशी, असं नाही,” जुईली काचेपलीकडून म्हणाली. “गुहेत बोललात तसं.”

दिलशादनं डोळे मिटले, पदर खाली सोडला आणि ती बोलली. रोहितनं दोन्ही हातांनी हेडफोन काढला. समोरचा काटा लाल रेघेच्या पार पलीकडं गेला होता. त्यानं हात वर केला, थांबा म्हणून, आणि उठून आत आला.

दिलशादला तो हात चांगला ओळखीचा होता. माहेरी, सासरी, बाजारात, सगळीकडं तो असाच वर होतो. “कमी करते,” ती आधीच म्हणाली. “मोटा झाला व्हय? कमी करते मी आवाज.”

“अजिबात नको,” रोहित म्हणाला. “आवाज बरोबर आहे. माईक चुकीच्या जागी आहे.”

त्यानं माईक स्टँडसकट उचलला, वायर सोडवत सोडवत मागं नेला, तीन पावलं, चार पावलं. दिलशाद बघत राहिली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी तिच्या आवाजाला जागा करून देत होतं, आणि तिला एकदम रडू आलं. ते तिनं पदरानं टिपलं, नाकही पुसलं, आणि घसा साफ केला. रोहित समोरच्या भिंतीपाशी पोचून थांबला होता. एवढं बस झालं का, असं त्यानं नजरेनंच विचारलं.

दिलशादनं अंतर डोळ्यांनी जोखलं.

“आजून थोडा लांब न्या,” ती म्हणाली. “मी आजून जोरात बोललेच कुटं हाय!”