मॅट, अर्थिंग आणि आम्ही तिघं

आमच्या अंबरनाथच्या गाळ्यात आम्ही तिघंच. शेठ, सुनंदाताई आणि मी. तरी दुरुस्तीला आलेल्या सर्किट बोर्डांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

बरेचसे एका मॅटचे. आमच्याकडून बरे होऊन गेलेले बोर्ड कंपनीत पोचले की मरायचे. कारण आपल्या अंगातली स्टॅटिक वीज. आपल्याला कळतही नाही, चिप जाते. कंपनीने कळवलं, साहेब बघायला येतील. टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट आणि नीट अर्थिंग नसेल, तर काम बंद.

लेकीला पाळणाघरात रडत सोडून मी ज्या कामाला येते, ते काम. म्हटलं, हे मी करणार.

*

शेठ उल्हासनगरहून जाड काळं रबर घेऊन आले. "मॅडम, एक नंबर माल. इस पे खडे रहो, करंट लगेगाच नहीं."

"शेठ, हे करंट अडवतं. आपल्याला स्टॅटिक हळूहळू जमिनीत सोडणारी मॅट हवीय."

शेठ विचारात पडले. "मतलब, थोडी लीकेजवाली?"

मग मीच गेले. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "योगासाठी का?" चौथ्याकडे मिळाली. निळी, दोन थरांची, वायरीसाठी बटण असलेली.

*

दुसऱ्या दिवशी पाहते तर मॅटवर पारदर्शक प्लास्टिक, कडेने सेलोटेप.

"नवीन आहे गं, डाग पडतील," सुनंदाताई म्हणाल्या.

"ताई, प्लास्टिकनेच तर स्टॅटिक होते."

"मग आमच्या रिमोटला काही झालं नाही ते?"

"रिमोट कुणी तपासायला येत नाही."

*

माझाही एक किस्सा आहेच. सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला मीटर लावला, तर मागे अर्थिंगची वायरच नाही. मग मी मॅटची वायर हुशारीने पितळेच्या नळाला बांधली. नळाचा पाइप जमिनीतच जातो ना!

दोन दिवसांनी प्लंबर आला. "वहिनी, पाइप प्लास्टिकचा आहे."

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. फर्स्ट क्लास.

*

शेवटी गाळ्यामागे अर्थिंगसाठी खड्डाच खणला. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ. शेजारच्या गाळ्यातल्यांनी मीठ टाकताना पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुणाची दृष्ट काढताय?"

सुनंदाताई म्हणाल्या, "बोर्डांची."

*

साहेब आले. मीटर लावून मॅट तपासली, खड्ड्यापर्यंत जाऊन वायर पाहिली. चेहऱ्यावर काहीच नाही. मग सुनंदाताईंच्या टेबलाशी आले आणि बोलता बोलता उघड्या बोर्डाला हात घातला.

ताईंनी बोर्ड सरकन मागे ओढला. "साहेब, आधी पट्टा."

पट्टा मनगटाला, त्याची वायर मॅटच्या बटणाला. त्याशिवाय ताई कुणालाच हात लावू देत नाहीत.

शेठनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला लागले.

साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि हात पुढे केला.

"घट्ट बांधा," म्हणाले.